फोटोच्या मागे नावे लिहा



गेल्या पावसाळ्यात आपल्या वसतिगृहाच्या कचेरीचे छप्पर एका कोपऱ्यात गळू लागले. लोखंडी कपाट बाजूला सरकवले, तेव्हा त्याच्या मागे पत्र्याची एक पेटी निघाली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने फोटो होते. मोजले तर १४०च्या आसपास भरले. वसतिगृहाला जोडून पूर्वी शेतीचे माध्यमिक वर्ग चालत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. बहुतेक फोटो त्या वर्गांचे होते. नांगर धरलेली मुले, रोपवाटिकेत वाकलेली मुले, विहीर, कोठार, बैलजोडी, पाहुण्यांचे स्वागत.

त्यातला एक फोटो मला फार आवडला. नव्या गोठ्यासमोर दोन रांगांत २२ मुले उभी आहेत. सगळ्यांच्या खांद्यावर कुदळी, अंगात पांढरे सदरे, पाय अनवाणी. मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिले होते की हा नवीन गोठा आहे आणि तो कोणाच्या स्मरणार्थ बांधला. खाली एवढेच की सोबत शेतीवर्गाची मुले आहेत. गोठ्याचे नाव होते, देणगीदारांचे नाव होते. २२ मुलांपैकी एकाचेही नव्हते.

हा फोटो या अंकात मुखपृष्ठावर घ्यायचा असे मी ठरवले आणि टेबलावर काढून ठेवला. दोन दिवसांनी मुलीच्या प्रवेशासाठी एक ताई आल्या. पाड्यावर अंगणवाडी चालवतात. अर्ज भरता भरता त्यांचे लक्ष फोटोकडे गेले आणि त्यांनी मागच्या रांगेतल्या एका मुलावर बोट ठेवले.

"सर, हे माझे बाबा."

मी म्हटले, "ओळखलेत कसे? किती लहान आहेत यात!"

"कान बघा ना. माझ्या भावाचे कान असेच आहेत." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बाबा या फोटोची गोष्ट सांगायचे. त्या दिवशी सगळ्यांना पांढरे सदरे दिले होते. फोटो झाला आणि सदरे परत घेतले."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरात पुष्कळदा सांगितलेली गंमत सांगावी तसे त्या सांगत होत्या. पण त्या रात्री मी आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक काढून बसलो. अकरा वर्षे या अंकातले फोटो मीच काढतो. प्रत्येक फोटोखालची ओळ वाचत गेलो. इमारतींना नावे होती, पाहुण्यांना होती, धनादेश देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला होती. मुलांच्या फोटोंखाली काय होते? 'आपली मुले', 'हसरे चेहरे', 'उद्याची आशा'. हे सगळे मीच लिहिलेले.

शाळेचा जुना फोटो कसा वाचायचा आणि नवा कसा काढायचा, हे मला नीट समजून घ्यावेसे वाटले. त्या शोधात मी फार दूरच्या, अमेरिकेतल्या एका शाळेपाशी पोचलो. शेती शिकवणाऱ्या मिशन शाळा आपल्याला नव्या नाहीत. अलाहाबादजवळ नैनी येथे सॅम हिगिनबॉटम यांनी उभारलेल्या शेतकी संस्थेची स्थापना १९१० ची. पण शाळा आणि तिचे फोटो यांच्याबद्दल सर्वांत जास्त विचार झाला आहे तो बहुधा या अमेरिकन शाळेच्या बाबतीत. तिची हकिगत आज तुम्हाला सांगतो.

हॅम्प्टनची शाळा

व्हर्जिनिया राज्यात समुद्राला लागून हॅम्प्टन हे गाव आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम पळून इथल्या लष्करी किल्ल्याच्या आश्रयाला आले. मेरी पीक या शिक्षिकेने त्यांच्या मुलांना एका मोठ्या ओक वृक्षाखाली शिकवायला सुरुवात केली. तो वृक्ष आजही उभा आहे.

युद्ध संपल्यावर, १८६८ साली, सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या मदतीने तिथे शाळा सुरू केली. आर्मस्ट्राँग हे हवाई बेटांवरच्या मिशनरी कुटुंबात जन्मलेले आणि युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे अधिकारी राहिलेले. शाळेचे पूर्ण नाव हॅम्प्टन नॉर्मल अँड अ‍ॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट. नॉर्मल म्हणजे शिक्षक तयार करणारी, अ‍ॅग्रिकल्चरल म्हणजे शेतकी. शिक्षण माध्यमिक शाळेच्या पातळीचे होते. मुले शेतात, गोठ्यात, सुतारशाळेत, छापखान्यात, मुली शिवणकामात आणि धुलाईत काम करत आणि त्या कमाईतून आपला खर्च भागवत. व्हर्जिनिया हॉल ही तिथली मोठी इमारत. तिच्यासाठी विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने गावोगाव कार्यक्रम करून पैसे जमवले. त्यामुळे ती गाऊन बांधलेली इमारत आहे असे म्हणत.

त्याच सुमारास, १८७३ साली, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. मुक्त झालेल्या त्या लोकांची मुले नेमकी त्याच वर्षांत हॅम्प्टनमध्ये शिकत होती. त्यांतलाच एक मुलगा बुकर टी. वॉशिंग्टन. तो १८७२ साली, खिशात जवळजवळ काही नसताना, या शाळेत आला आणि १८८१ साली त्याने टस्कीगी येथे तशीच शाळा उभारली.

१८७८ साली हॅम्प्टनमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली. आपण ज्यांना पूर्वी 'रेड इंडियन' म्हणत असू, त्या अमेरिकेच्या आदिवासींची मुले तिथे आणली जाऊ लागली. पहिली तुकडी फ्लोरिडातल्या किल्ल्यात तीन वर्षे कैदेत ठेवलेल्या तरुणांची होती. त्यांना आणणारे लष्करी अधिकारी रिचर्ड प्रॅट. त्याच वर्षाअखेर प्रॅट डाकोटा प्रदेशातून मुलामुलींची दुसरी तुकडी घेऊन आले. १९२३ पर्यंत अशी १३००हून अधिक आदिवासी मुले हॅम्प्टनमध्ये शिकून गेली. मुलांच्या वसतिगृहाला विगवॅम आणि मुलींच्या वसतिगृहाला विनोना लॉज अशी नावे होती. बुकर वॉशिंग्टन काही काळ त्या मुलांचे गृहपाल होते. लांब केस कापायला लावणे आणि अंगावरची घोंगडी सोडायला लावणे या दोन गोष्टींचे मुलांना फार दुःख होई, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे.

'आधी' आणि 'नंतर'

आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी सरकार दर मुलामागे ठरावीक रक्कम देई. पण ती पुरत नसे. उरलेला खर्च उत्तरेकडच्या मंडळ्या आणि देणगीदार भागवत. त्यांना शाळेचा उपयोग दिसायला हवा होता. तो दाखवण्यासाठी फोटोची एक जोडी तयार झाली. एक फोटो मूल आले त्या दिवशीचा, दुसरा काही महिन्यांनंतरचा.

डाकोटाहून मुले आणताना आर्मस्ट्राँग यांनी प्रॅट यांना पत्र लिहून कळवले होते की आम्हाला या मुलांचे निरनिराळे फोटो हवे आहेत, तेव्हा त्यांचे रानटी सामान सोबत आणायला सांगा. म्हणजे 'आधी'चा फोटो सहज निघालेला नव्हता. त्यासाठी लागणारा पोशाख अगोदरच मागवून ठेवला होता.

अशा एका जोडीत तीन मुली आहेत. कॅरी अँडरसन १२ वर्षांची, अ‍ॅनी डॉसन १० वर्षांची, सारा वॉकर १३ वर्षांची. पहिल्या फोटोत त्या शाली लपेटून एकमेकींना खेटून बसल्या आहेत. दुसरा १४ महिन्यांनंतरचा. त्यात त्या शिवलेल्या कपड्यांत, केस विंचरून, नीट मांडलेल्या खोलीत आहेत. बघणाऱ्याने काय म्हणायचे ते ठरलेले आहे: केवढा बदल!

प्रॅट यांनी १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे स्वतःची शाळा काढली. तिथे ही पद्धत आणखी पक्की झाली. नवाहो जमातीच्या टॉम टॉर्लिनो या तरुणाचे १८८२ आणि १८८५ चे फोटो आजही पुस्तकांत छापले जातात. दुसऱ्या फोटोत त्याचा वर्णही उजळ दिसतो. तीन वर्षांत माणसाचा रंग बदलत नाही. बदलला तो फोटोतला प्रकाश.

या जोडीत काय दिसत नाही? केस कापले तो दिवस दिसत नाही. आईची भाषा बोलायची नाही हा नियम दिसत नाही. घरापासून शेकडो मैल दूर आजारी पडलेली मुले दिसत नाहीत. हॅम्प्टनच्या आवारातल्या दफनभूमीत अशा आदिवासी विद्यार्थ्यांच्या कबरी आहेत. त्यांच्या नशिबी 'नंतर'चा फोटो नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट दिसत नाही: 'आधी'च्या आधीचे आयुष्य. त्या मुलींना आपापली गाणी येत होती, शेतातली कामे येत होती, नाती कळत होती. अ‍ॅनी डॉसन अरिकारा जमातीची. हे लोक मिसुरी नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवत आले होते. शेतकी शाळेत आणलेली ही मुलगी शेतकऱ्यांच्याच घरची होती. पुढे ती शिक्षण पूर्ण करून फोर्ट बर्थोल्डला आपल्या माणसांत परतली आणि घरोघर जाऊन बायकांमध्ये काम करू लागली. फोटोतल्या दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरून यातले काही कळत नाही.

पॅरिसला गेलेला अल्बम

आता हॅम्प्टनच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंकडे येऊ. आर्मस्ट्राँग १८९३ साली वारले आणि हॉलिस फ्रिसेल प्राचार्य झाले. १९०० साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरायचे होते. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रगतीचे वेगळे दालन होते. त्यासाठी फ्रिसेल यांनी फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या वॉशिंग्टनच्या छायाचित्रकार बाईंना बोलावले. १८९९ च्या डिसेंबरात त्या तिपाईवरचा अवजड कॅमेरा आणि काचेच्या निगेटिव्ह घेऊन हॅम्प्टनला आल्या आणि त्यांनी सुमारे दीडशे फोटो काढले.

हे फोटो पाहत राहावे असे आहेत. एकात तरुण सुतार खजिनदाराच्या घराचा जिना बांधत आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे, प्रत्येकाची नजर हातातल्या कामावर, कॅमेऱ्याकडे कोणीच पाहत नाही. शेतीच्या वर्गांचे फोटोही आहेत. मुले खत मिसळत आहेत, दुधाचे नमुने तपासत आहेत, डुकरांची पारख करायला शिकत आहेत. त्या काळी अमेरिकेतली वर्तमानपत्रे कृष्णवर्णीयांची विद्रूप व्यंगचित्रे छापत. त्यांच्यासमोर ही ताठ मानेची, कामात गढलेली मुले ठेवली गेली. ही काही लहान गोष्ट नव्हे. आजही कित्येक घराण्यांना त्यांचा अभिमान वाटतो.

पण त्या काळचा कॅमेरा सेकंदभरही हलू देत नसे. म्हणजे जिन्यावरचा हातोडा त्या क्षणी लाकडावर पडत नव्हता. तो हवेत धरून ठेवलेला होता. प्रत्येक फोटो मुलांकडून बसवून घेतलेला आहे. हे कळले म्हणजे फोटो खोटा ठरत नाही. मात्र तो कोणीतरी, काहीतरी सांगण्यासाठी रचला आहे, हे लक्षात येते.

काय सांगण्यासाठी, ते अल्बममधल्या जोड्यांवरून दिसते. इथेही 'आधी' आणि 'नंतर' आहेच. एका फोटोत जुन्या झोपडीत जेवायला बसलेले म्हातारे जोडपे आहे. दुसऱ्यात हॅम्प्टनमधून शिकून गेलेल्या माणसाचे घर, टेबलावर पांढरे कापड, भिंतीवर तसबिरी. एकात जुनी विहीर, दुसऱ्यात सुधारलेली विहीर. देणगीदाराला सगळे एका नजरेत कळते. मात्र दोनच वर्षांनी, १९०२ साली, व्हर्जिनियाच्या नव्या राज्यघटनेने तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या त्या घरातल्या माणसाच्या डोक्यावर ही टांगती तलवार होती. ती चौकटीत आली नाही.

एक फोटो मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटला. तो अमेरिकेच्या इतिहासाच्या तासाचा आहे. वर्गात कृष्णवर्णीय आणि आदिवासी मुलेमुली एकत्र आहेत. त्यांच्यासमोर आपल्या जमातीच्या पारंपरिक पोशाखात एक आदिवासी तरुण उभा केला आहे आणि वर्ग त्याच्याकडे पाहतो आहे. जिवंत माणूस धड्यातल्या चित्रासारखा. त्याच्याकडे पाहणाऱ्यांत त्याच्याच जातकुळीची, आता गणवेश घातलेली मुले आहेत. त्यांच्या मनात काय चालले असेल?

अल्बममधल्या ओळी विषय सांगतात: इतिहासाचा वर्ग, शेतीचा वर्ग, गणिताचा वर्ग. मुलांची नावे सांगत नाहीत. या तरुणाचे नाव आज ग्रंथालयाच्या नोंदीत सापडते: लुई फायरटेल, क्रो क्रीक इथला सू जमातीचा. बाकीच्या वर्गात कोण कोण आहे, ते फोटो सांगत नाही.

गंमत अशी की पॅरिसच्या त्याच दालनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विद्वानांनी जमवलेले वेगळे अल्बम होते, ३६३ फोटोंचे. त्यांत जॉर्जिया राज्यातली माणसे आपापल्या उत्तम कपड्यांत, आपल्या घरांसमोर, आपल्या दुकानांत बसली आहेत. तिथे 'आधी' नाही. कोणी कोणाला सुधारल्याची गोष्टही नाही. माणसे आहेत, एवढेच. एकाच दालनात, एकाच समाजाचे फोटो दोन नजरांनी मांडलेले होते.

जॉन्स्टनबाईंच्या फोटोंचा एक अल्बम पुढे हरवल्यासारखा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिंकन कर्स्टीन यांना तो वॉशिंग्टनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. त्यातले ४४ फोटो १९६६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रसिद्ध केले. आपली पत्र्याची पेटी कपाटामागे सापडली, तेव्हा मला त्या दुकानाची आठवण झाली.

फोटोत न मावलेली मुलगी

हॅम्प्टनची आणखी एक विद्यार्थिनी मला तुम्हाला भेटवायची आहे. सुझन ला फ्लेश, ओमाहा जमातीची, जन्म १७ जून १८६५. वडील जमातीचे प्रमुख. १८८६ साली ती हॅम्प्टनमधून चमकदार गुणांनी बाहेर पडली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली.

हे महाविद्यालय आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात तिथूनच आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई आणि सुझन या दोघींचे जन्मसाल एकच, १८६५. काही महिन्यांच्या अंतराने दोघींनी त्याच इमारतीच्या पायऱ्या चढल्या. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. सुझन १८८९ साली वर्गात पहिली आली आणि अमेरिकेच्या आदिवासींतली पहिली स्त्री डॉक्टर झाली. ती आपल्या लोकांत परत गेली. घोड्यावरून, बग्गीतून, बर्फातून हिंडत तिने हजाराहून अधिक माणसांची सेवा केली. प्रेस्बिटेरियन मंडळीचे कामही केले, जमिनीच्या हक्कांसाठी सरकारदरबारी भांडली आणि १९१३ साली वॉल्टहिल गावी रुग्णालय उभे केले.

शाळेने तिला पुष्कळ दिले, यात शंका नाही. पण ती कोऱ्या पाटीसारखी शाळेत आली नव्हती. भाषा, घराणे, वडिलांची दूरदृष्टी, आपल्या माणसांबद्दलची ओढ हे सगळे तिने घरून आणले होते. हॅम्प्टनच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी १८८६ पासून स्वतःचे एक छोटे वृत्तपत्रही चालवले. म्हणजे फोटोत गप्प दिसणारी मुले बोलत होती, लिहीत होती. त्यांचे शब्द फोटोच्या शेजारी ठेवले, तरच फोटो पुरा वाचता येतो.

चार प्रश्न

या सगळ्यातून मी स्वतःसाठी चार प्रश्न लिहून काढले. जुना फोटो हातात आला की ते विचारतो, आणि नवा काढण्याआधीही विचारतो.

पहिला: फोटो कोणी काढवला आणि कोणाला दाखवण्यासाठी? दुसरा: फोटोतल्या वस्तू कोणाच्या? सदरा, कुदळ, पाटी ही मुलांची, की त्या दिवसापुरती हातात दिलेली? तिसरा: कोणाचे नाव लिहिले आहे आणि कोणाचे नाही? चौथा: फोटोतला माणूस आज हा फोटो पाहून काय म्हणेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर टेबलाशी बसून मिळत नाही. म्हणून त्या अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेऊन आम्ही २२ मुलांच्या फोटोच्या प्रती पाड्यापाड्यांवर नेल्या. ताईंचे बाबा आता हयात नाहीत. पण त्यांचे सोबती भेटले. आजपर्यंत २२ पैकी १४ नावे मिळाली. एका आजोबांनी चष्मा न लावता, फोटोवरून नुसते बोट फिरवत सात नावे सांगितली आणि आठव्यापाशी थांबले. तो मुलगा त्याच हिवाळ्यात तापाने गेला होता. त्याचे नाव त्यांनी दोनदा सांगितले, आम्ही नीट लिहून घेतले की नाही ते पाहिले आणि मगच पुढे गेले.

फोटो जपण्याबद्दलही चार गोष्टी सांगतो, कारण तुमच्याही घरी, तुमच्या मंडळीच्या कपाटात अशा पेट्या असतील. कागदी फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेनची शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते. फोटोचा कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल, तर पेन्सिल उठत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो खराब होतात. ओलीने एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, जाणकाराला दाखवा. मोबाइलवर प्रत काढायची तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. समूहफोटोवर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा, त्यांना क्रमांक द्या आणि नावे वेगळ्या कागदावर लिहा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीखही लिहा.

यापुढे आपला अंक

नाव लिहावे, याचा अर्थ प्रत्येक नाव छापावे असा नव्हे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. आपल्यासारख्या छोट्या पत्रकालाही हा नियम लागू आहे. म्हणून नावे वसतिगृहाच्या नोंदवहीत राहतील, फोटोच्या क्रमांकासह. पन्नास वर्षांनी एखाद्या मुलीला आपले बाबा शोधायचे असतील, तर ते सापडायला हवेत. छापताना मात्र मुलाला आणि पालकांना विचारू, त्यांच्या भाषेत विचारू, आणि नको म्हटले तर छापणार नाही. 'आधी' आणि 'नंतर'च्या जोड्या आपल्या अंकात येणार नाहीत. फोटोसाठी कपडे दिले, तर ते मुलांचेच राहतील.

काही देणगीदार विचारतील की मग आमच्या मदतीचा उपयोग आम्हाला दिसणार कसा? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की गोठा दिसेल, विहीर दिसेल, हिशेब दिसेल. आणि ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांचे बोलणे त्यांच्या शब्दांत दिसेल. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, हे आपण सगळे शब्बाथ शाळेत शिकलो आहोत. 'आपली मुले' ही ओळ लिहिताना मी ते अकरा वर्षे विसरलो होतो.

तुमच्याकडे एक मागणे आहे. शेतीवर्गाचे जुने फोटो तुमच्याकडे असतील, तर मूळ फोटो पाठवू नका, मोबाइलवर प्रत काढून पाठवा. त्या वर्गांत शिकलेले किंवा शिकवलेले कोणी तुमच्या ओळखीचे असेल, तर कळवा. आठ नावे अजून राहिली आहेत आणि ती सांगू शकणारी माणसे आता थकली आहेत.

शेवटी मुखपृष्ठाबद्दल. १४ जणांपैकी पाचजण आज हयात आहेत. फोटो छापू का, असे आम्ही पाचही जणांना विचारले. चौघे हो म्हणाले, एकाने तर दोन प्रती मागून घेतल्या. पाचवे आजोबा बराच वेळ फोटो हातात धरून बसले. मग म्हणाले, "माझे नाव वहीत लिहा. पण हा फोटो छापू नका. ते सदरे आमचे नव्हते."

म्हणून या अंकाच्या मुखपृष्ठावर नुसता गोठा आहे. तो आजही उभा आहे आणि त्याचे छप्पर गळत नाही. ज्या मुलांनी त्याच्या विटा वाहिल्या, त्यांपैकी चौदा नावे आता आपल्या वहीत आहेत.